पाक

चाळीस वर्षं माझी जीभ हेच माझं माप.
उकळत्या गुळात डाव बुडवायचा,
बोटावर थेंब, एक फुंकर, मग टाळूला,
आणि मी म्हणायचो, उतरव.
तार बघायची ती नवशिक्यांनी.
डिचोलीपासून नार्व्यापर्यंत
कुठल्याही जत्रेत डोळे मिटून विचारा,
खाजं माझं की दुसऱ्या कुणाचं,
लोक सांगत.

मग फुर्तादो डॉक्टरणीने रक्ताचा कागद
दिव्याखाली धरला, गिऱ्हाईक नोट धरतं तसा.
मी विचारलं, गूळ तरी चालेल ना?
ती हसली नाही.
म्हणाली, खाजेकार, गूळ म्हणजे साखरेचीच मावशी.
लुगडं तेवढं वेगळं.

कुमुदने त्याच संध्याकाळी
साखरेचा डबा वरच्या फळीवर नेला
आणि चमच्यावरची रास सुरीने सपाट केली.
तीनाचे दोन. दोनाचा दीड.
अर्धा चमचा कसा मोजतात
हे मी चौसष्टाव्या वर्षी शिकलो.

पहिले काही दिवस चहा म्हणजे
भांडं विसळलेलं पाणी.
बुधवारच्या बाजारात हळूच सांगितलं,
माझ्यात साखर नको.
गाड्यावरचा पोरगा केवढ्याने ओरडला,
"खाजेकाकांना एक फिका!"
मिरचीवाली वळली. सुक्या मासळीवाली वळली.
न्हाव्याच्या डोक्यात जटा निघाव्यात
तसे बघत राहिले सगळे.

एकदा रात्री उठून
कढईच्या काठाला धरलेला गूळ
नखाने खरवडला मी.
अंधारात कुमुद जागी होती.
काही बोलली नाही.
पाण्याचा तांब्या तेवढा माझ्याकडे सरकवला.

नेमकं कधी बदललं, सांगता येत नाही.
इनास पोदेराची सायकल वाजली,
उंडा नुसताच चावत बसलो, चहाशिवाय,
आणि शेवटच्या घासात
दूरवरून कुणी हाक मारावी तसं
काहीतरी गोड.
मग उकड्या तांदळाच्या पेजेत, अगदी तळाशी.
कांद्यात. नारळाच्या पहिल्या रसात.
बांगड्याच्या हुमणातसुद्धा एक बारीक धागा.
हे सगळे आधीपासून बोलत होते की काय?
माझ्याच दुकानाचा गलबला एवढा
की ऐकू आलं नसेल.

मुळगावच्या जत्रेला मात्र फजिती झाली.
ढेप फोडतानाच हात आखडला असणार.
पाक जिभेवर टेकवला
आणि शहारलो. एवढं गोड!
पुरे, उतरव, म्हणालो.
दुसऱ्या दिवशी अस्नोड्याची बाई
पुडी घेऊन परत आली.
वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक, भांडली नाही.
खाली आवाजात विचारलं,
"काका, औंदा गूळ महागला?"

काय सांगणार?
महागला नव्हता.
जीभ सुधारली, बाई, म्हणून धंदा बसला,
असं कुणाला सांगता येतं?
कुमुदला सांगितलं तेव्हा
ती इतकी हसली की पदर डोळ्यांना लावला,
आणि मग बराच वेळ काढला नाही.

आता पाक चाखायला नात बसते.
श्रीशा, वय वर्षं नऊ,
तेलाच्या उलट्या डब्यावर, पाय लोंबते.
मी फुंकर घालून डाव पुढे करतो.
ती डोळे मिटते, अगदी माझ्यासारखे,
आणि सुभेदारासारखा हुकूम सोडते,
"अजून."

समोर फोडलेली ढेप.
कागदाला दिव्याखाली धरणारी ती बोटं
मला उगाच आठवतात.
श्रीशाचे डोळे अजून मिटलेलेच.
मी आल्याचा रस घालतो,
ढवळतो,
पुन्हा डाव पुढे.

जिभेला झणका लागतो, ती नाक मुरडते,
ओठ चाटते, विचार करते.
"हां," म्हणते, "आता झालं."
मी म्हणतो,
उतरव.